आधी रेघ, मग रंग

दिवाळीच्या पहाटे अंगण सारवून झाले की घरोघरी रांगोळीची वही शोधली जाते. या वहीत चित्रे तर असतातच. पण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक टीप असते, 'ठिपके १५ ते ८'. म्हणजे मधल्या ओळीत पंधरा ठिपके घालायचे आणि वरखाली एकेक कमी करीत आठांवर थांबायचे. ही टीप वहीत नसेल, तर वरचे चित्र कितीही सुबक असले तरी ते अंगणात उतरत नाही. ठिपके जमले की पांढरी रेघ ओढायची आणि रेघ बंद झाली की चिमटीने नव्हे, चांगला मुठीमुठीने रंग भरायचा. गंमत अशी की गुलाल जरा रेघेबाहेर सांडला तर तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, मात्र पांढरी रेघ एक बोट जरी हलली, तरी शेजारच्या काकू फाटकातूनच सांगतात, "अगं, तुझी पाकळी वाकडी झाली!"

रेघेविषयी डोळा फार कडक आणि रंगाविषयी बराच उदार असतो. आज आपण टीव्हीवर, मोबाइलवर, लग्नाच्या चित्रफितीत जे जे हलते चित्र पाहतो, त्याची उभारणी डोळ्याच्या या एका स्वभावावर झालेली आहे. यंत्राच्या पोटात चित्र एकसंध नसतेच. ते थराथरांनी ठेवलेले असते: आधी उजेड-अंधाराचा एक बारीक थर, मग रंगाचे दोन जाडेभरडे थर. संगणकाच्या शास्त्रात या थराला 'प्लेन' म्हणतात. हे थर कसे रचायचे, कोणता आधी आणि कोणता मागून, याची टीप कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवावी लागते. अगदी रांगोळीच्या वहीसारखी. त्या थरांची आणि त्या टिपेची हकिगत मी सांगणार आहे. विषय यंत्राचा आहे म्हणून वाचकांनी पान उलटू नये; यात देवादिकांची चित्रे आहेत, दादासाहेब फाळके आहेत आणि आमच्या जुन्या जालन्यातील एक म्हातारे स्वातंत्र्यसैनिकही आहेत.

आपल्याकडे थरांची विद्या प्रथम आली ती दगडावरून. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा काढली आणि १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला. यंत्रे जर्मनीची, दगडही तिकडचा आणि फ्रिट्झ श्लायशर नावाचा तंत्रज्ञही जर्मन. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आजही कित्येक देवघरांत आहेत. खुद्द छापखाना मात्र १९७२ च्या आगीत गेला.

शिळाछापाची रीत मोठी मजेची आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. दगड ओला केला की मोकळ्या जागी पाणी बसते आणि शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघेला धरते. एका दगडावरून एकच रंग निघतो. मग लक्ष्मीचे तांबडे लुगडे, गुलाबी कमळ, निळे पाणी आणि सोन्याचे दागिने कसे छापायचे? तर आधी नुसत्या बाह्यरेषांचा एक दगड करायचा, त्याची नक्कल बाकीच्या सगळ्या दगडांवर उतरवायची आणि प्रत्येक दगडावर त्या त्या रंगाचाच भाग रंगवायचा. पिवळ्यात काय काय येते, तांबड्यात काय येते, हे कारागिराने मनात सोडवायचे. मग एकच कागद एकामागून एक सर्व दगडांखालून काढायचा. कोपऱ्यातल्या खुणा जुळल्या तर लक्ष्मी, नाही जुळल्या तर ओठांचा रंग हनुवटीवर. आमच्याकडील लग्नपत्रिकांच्या लहान छापखान्यांतही असा तिरपा गणपती कित्येकांनी पाहिला असेल. सोंड तांबडी, पण तिच्या रेघेपासून दोन सूत बाजूला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दगडावर रंग नसतो. सगळे दगड सारखेच करडे. पिवळ्याचा कोणता आणि तांबड्याचा कोणता हे ज्ञान दगडाबाहेर, कारागिराच्या डोक्यात असायचे. तो उद्या नोकरी सोडून गेला तर? म्हणून शिळाछापाच्या धंद्यात एकेक रंग चढत गेलेले नमुन्याचे कागद क्रमाने बांधून ठेवण्याची रीत होती. पहिल्यावर नुसता पिवळा, दुसऱ्यावर पिवळा आणि तांबडा, असे शेवटापर्यंत. हे बाड म्हणजे त्या दगडांची कुंडलीच. चित्रकाराचे नाव जगाला ठाऊक असते. बाड बांधणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

छायाचित्रातही हाच खटाटोप झाला. १८६१ साली स्कॉटलंडच्या मॅक्सवेलने एका रंगीत फितीचे तीन फोटो घेववले, एक तांबड्या, एक हिरव्या आणि एक निळ्या गाळणीतून. तिन्ही फोटो साधे काळेपांढरे. पण त्या त्या रंगाच्या प्रकाशाने ते पडद्यावर एकावर एक टाकले तेव्हा रंगीत फीत दिसली. पुढे प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन गृहस्थाने याच रीतीने अवघ्या रशियाची चित्रे घेतली. त्याच्या उभ्या काचेवर तीन फोटो एकाखाली एक असत, वर निळ्याचा, मध्ये हिरव्याचा, खाली तांबड्याचा. क्रांतीनंतर तो देश सोडून गेला आणि १९४४ साली पॅरिसला वारला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने त्या काचा विकत घेतल्या आणि पन्नासहून अधिक वर्षांनी संगणकावर ते थर जुळवले, तेव्हा झारच्या काळातील शेतकरी बायका आपल्या तांबड्या-जांभळ्या पोशाखांत जशाच्या तशा उभ्या राहिल्या. थरांचा क्रम ठाऊक होता, म्हणून हे जमले.

महाराष्ट्रात याच वाटेने गेलेले मोठे नाव म्हणजे दादासाहेब फाळके. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छपाईच्या धंद्यात होते. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणली. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मात्र काळापांढराच. हलत्या चित्राला रंग देणे हे दगड हलवण्याइतके सोपे नव्हते. १९३३ साली प्रभात कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस केले. त्यावेळच्या या पद्धतीत दोन फिती पोटाला पोट लावून वापरीत. एकीवर निळसर-हिरवा भाग उमटे, दुसरीवर तांबडा. म्हणजे दोन थर. शांतारामबापू त्यासाठी जर्मनीपर्यंत गेले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभातने पुढची कित्येक वर्षे काळ्यापांढऱ्यातच आपली कीर्ती मिळवली. माझ्या मते ते बरेच झाले. 'संत तुकारामा'ला रंगाची गरज कधी भासली?

यानंतर टीव्ही आला आणि त्याने एक वेगळाच पेच आणला. लोकांच्या घरी काळेपांढरे संच आधीच होते. रंगीत प्रक्षेपण सुरू केले तर या संचांचे काय करायचे? ते फेकायला कोण तयार होईल? याचे उत्तर जॉर्ज वालेन्सी या फ्रेंच अभियंत्याने १९३८ च्या आपल्या पेटंटात देऊन ठेवले होते. तांबडा, हिरवा, निळा असे तीन थर पाठवूच नका, तो म्हणाला. उजेडाचा एक थर वेगळा पाठवा आणि रंगाची खबर वेगळी. काळापांढरा संच उजेडाचा थर घेईल आणि रंगाकडे पाठ फिरवील. रंगीत संच दोन्ही घेईल. अमेरिकेने १९५३ साली या तत्त्वावरची पद्धत मान्य केली. जर्मनीच्या वाल्टर ब्रुखने १९६३ मध्ये तिची सुधारलेली 'पाल' पद्धत दाखवली आणि पुढे भारताने हीच पद्धत घेतली.

आपल्या दूरदर्शनचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ चा, मुंबई केंद्राचा २ ऑक्टोबर १९७२ चा. रंग आला १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आणि नंतर आशियाई खेळांच्या निमित्ताने. म्हणजे दिल्लीत आला. आमच्या गल्लीत १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हाही संच एकच होता, तो काळापांढरा, लाकडी सरकत्या दारांचा, आणि त्याच्यासमोर रविवारी सकाळी चाळीस माणसे. मालकाने पडद्यापुढे रंगीत प्लास्टिकचा पत्रा बसवला होता: वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आभाळापुरते ते ठीक होते. पण राम उभा राहिला की मुकुट निळा आणि पाय हिरवे. मला तेव्हा कोणी सांगितले असते की खरा रंग त्याच लहरींवरून आपल्या गल्लीत येऊन परत जातो आहे, फक्त हा संच त्याला दार उघडत नाही, तर मी त्या पेटीकडे वेगळ्याच नजरेने पाहिले असते.

उजेडाचा थर कसा काढतात हे सांगायला मला एक रुपया पुरतो. चित्रातल्या एखाद्या ठिपक्याच्या उजेडाचा रुपया मोडला, तर त्यात हिरव्याचे सुमारे ५९ पैसे, तांबड्याचे ३० आणि निळ्याचे अवघे ११. डोळा हिरव्याला तेवढा जागा आणि निळ्याला तेवढा झोपाळू असतो. या उजेडाला तज्ज्ञ 'वाय' म्हणतात. निळ्यातून वाय वजा केला की जो फरक उरतो तो 'यू'. तांबड्यातून वजा केला की 'व्ही'. हिरव्याचा थर वेगळा लागतच नाही, तो या तिघांतून गणिताने निघतो.

आता संगणकाकडे येऊ. १९८२ सालीच आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीने शिफारस क्रमांक ६०१ काढून टीव्हीचे चित्र आकड्यांत कसे मांडायचे ते ठरवले. आपल्या पद्धतीत एका ओळीत ७२० ठिपके आणि दिसणाऱ्या ओळी ५७६. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलच्या उजेडाला एक बाइट, म्हणजे मेमरीचे एक घर, लागते असे धरले तर उजेडाच्या थराला ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० घरे हवीत. रंगाचे दोन थर आडवे-उभे निम्मे करायचे, चार ठिपक्यांच्या चौकटीला मिळून एकच यू आणि एकच व्ही. तेव्हा प्रत्येकी ३६० गुणिले २८८, म्हणजे १,०३,६८० घरे. सगळे मिळून ६,२२,०८०. तेच चित्र तांबडे-हिरवे-निळे असे पुरते मांडले असते तर १२,४४,१६० घरे गेली असती. बरोबर निम्म्याने काटकसर, आणि पाहणाऱ्याला पत्ताही नाही. गुलाल मुठीने भरला, रेघ मात्र चिमटीने ओढली.

पण मेमरी ही पाटीसारखी आडवी-उभी नसते. ती एकाच रांगेत बांधलेल्या चाळीसारखी असते, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकच क्रमांक. तेव्हा तीन थर या एका रांगेत कसे बसवायचे? याच्या दोन रीती आहेत. ताट वाढून आणावे तशी एक: प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि रंग शेजारी शेजारी. दुसरी पंगतीची: आधी भाताचे पातेले सगळ्या पंगतीवरून फिरेल, मग वरणाचे, मग भाजीचे. म्हणजे आधी सगळा वाय, मग सगळा यू, मग सगळा व्ही. चित्र आकसून लहान करणारी गणिते एकेका थरावर वेगवेगळी चालतात, म्हणून त्यांना ही पंगतीची रीतच सोयीची पडते.

पंगतीत वरण आधी की भाजी आधी यावरून आपल्याकडे गावागावांत वाद आहेत. तसेच येथेही झाले. कोणी वायनंतर यू ठेवला आणि त्या मांडणीला आय४२० म्हटले. कोणी व्ही आधी ठेवला आणि तिला वायव्ही१२ म्हटले. घरे तितकीच, आकडे तेच, नुसती अदलाबदल. कोणी उजेड वेगळा ठेवून मागच्या थरात यू आणि व्ही जोडीने बसवले, ते एनव्ही१२. कोणी ती जोडी उलटी केली, ते एनव्ही२१. अँड्रॉइड मोबाइलच्या कॅमेऱ्यात सुरुवातीपासून हे उलटे जोडपेच नांदत आले. या घरांतल्या आकड्यांवर कोठेही 'मी यू आहे' असे लिहिलेले नसते. दगड जसे करडे, तसे हे आकडे मुके.

शिवाय समासाची भानगड आहेच. विद्यार्थी वहीच्या कडेला जशी जागा सोडतात, तशी यंत्रेही ओळीच्या शेवटी रिकामी घरे सोडतात, कारण काही यंत्रांना ६४ च्या पाढ्यात बसणारी ओळच आवडते. ७२० हे ६४ च्या पाढ्यात नाही. पुढचा आकडा ७६८. तेव्हा प्रत्येक ओळीमागे ४८ घरे समास. वाचणाऱ्याला हा समास ठाऊक नसेल तर तो प्रत्येक ओळ ४८ घरे आधी सुरू करतो, पंधरा ओळींत चित्र एक पूर्ण फेरा मारते आणि पडद्यावर वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस तेवढा दिसतो.

कॅमेरा किंवा टीव्हीचे कार्ड आणि संगणक यांच्यामध्ये जो लहानसा प्रोग्रॅम बसतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. (आमच्याकडे हा शब्द उच्चारला की ट्रॅक्टरच डोळ्यांपुढे येतो.) थर कोणत्या क्रमाने आणि किती समास सोडून ठेवले आहेत हे या ड्रायव्हरला ठाऊक असते. पुष्कळ कंपन्या ते कागदावर सांगतच नसत. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या मंडळींनी मात्र ते लिहून काढायचे ठरवले. त्यांच्या 'व्हिडिओ फॉर लिनक्स'च्या दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा बिल डर्क्स यांनी केला, ती २००२ साली मुख्य प्रणालीत दाखल झाली आणि मायकेल शिमेक व पुढे इतर अनेकांनी तिचा दस्तऐवज वाढवला. त्यातील थरांची पाने मी पाहिली तेव्हा मला आमच्या जुन्या उजळणीच्या पुस्तकाची आठवण झाली. चार बाय चारचे एवढेसे चित्र घेतले आहे. आरंभापासून शून्य, चार, आठ, बारा या घरांवर उजेडाच्या चार ओळी. सोळा व अठरा या घरांवर यूच्या दोन. वीस व बावीस या घरांवर व्हीच्या दोन. चोवीस घरांत सगळे चित्र संपले. शेजारच्या पानावर तेच कोष्टक, फक्त यू आणि व्ही उलटे. त्याखाली आणखी एक रेखाटन, रंगाचा ठिपका उजेडाच्या ठिपक्यांच्या नेमका कोठे बसतो त्याचे: चौघांच्या मधोमध, की डाव्या बाजूला सरकून.

पुढे यंत्रे अधिक लहरी झाली. काहींना उजेड मेमरीच्या एका टोकाला आणि रंग दुसऱ्या टोकाला हवा असे. त्यासाठी २०११ साली थर वेगवेगळ्या जागी ठेवण्याचे नियम आले. काही यंत्रे ओळी सोडून ६४ रुंद आणि ३२ उंच असे तुकडे करीत आणि ते तुकडे इंग्रजी झेडच्या वळणाने मांडीत. ही वळणेही कोणीतरी बसून काढली आणि लिहिली. अशा लेखनाला पारितोषिके नसतात. मी कादंबऱ्या लिहितो. परंतु माझे कोणतेही पान चुकले तर वाचक फार तर जांभई देईल. या कोष्टकातले एक घर चुकले तर माणसाचा चेहरा जातो.

ही अतिशयोक्ती नाही. १७ सप्टेंबर १९९८ रोजी, मराठवाडा मुक्तीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, जुन्या जालन्यातील एका शाळेच्या आवारात एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांची मुलाखत टेपवर घेतली गेली. निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षी ते विशीत होते आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांत निरोप पोचवण्याचे काम करीत. पुढे ते वारले. टेपला बुरशी धरू लागली, म्हणून २००४ मध्ये कोणा दूरदर्शी सहकाऱ्याने ती एका लहानशा पेटीच्या साहाय्याने संगणकात उतरवून घेतली. पेटी करणारी कंपनी नंतर बंद पडली, टेप नष्ट झाली आणि उरल्या त्या अकरा फायली. आवाजाची फाईल वेगळी होती, ती कोणत्याही यंत्रावर वाजे. चित्राच्या फायली कोणीच उघडीना. त्यांच्या आरंभी नाव नाही, माप नाही. नुसत्या घरांच्या रांगा.

आवाज पुरेसा होता असे कोणी म्हणेल. पण मुलाखतीच्या मध्यावर आजोबा म्हणतात, "इथून असं निघायचं, मग असं वळायचं, आणि इथं शिपाई असायचा." हे ते बोटाने टेबलावर काढून दाखवीत होते. रस्ता चित्रातच होता.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला अशाच ड्रायव्हरांच्या कामावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी त्याच्यापुढे ही डिस्क ठेवली. त्याने चित्र उघडण्याचा प्रयत्नही केला नाही. म्हणाला, "सर, आधी भागाकार करू." पहिली फाईल ४,२९,४५,०८,५४४ बाइटांची. त्या काळच्या डिस्कवर एका फायलीला चार गिगाबाइटांचे कुंपण असे, म्हणून पेटीने तुकडे पाडले होते. या संख्येला आम्ही ६,२२,०८० ने भागले. बाकी २,९०,३०४ उरली. म्हणजे मांडणी ती नव्हे. मग त्याने समास धरला. ओळ ७६८ ची मानली तर उजेडाची घरे ४,४२,३६८ आणि रंगाची दोन्ही मिळून २,२१,१८४, एकूण ६,६३,५५२. मी स्वतः कागदावर भागाकार केला. भागाकार ६,४७२, बाकी शून्य. सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे चार मिनिटे एकोणीस सेकंद. अकरावी फाईल लहान होती. तिलाही तेवढ्यानेच पूर्ण भाग गेला. वर्गात बाकी शून्य आली की मुले का ओरडतात ते मला त्या दिवशी कळले.

त्याने प्रथम नुसता उजेडाचा थर उघडला. आजोबा दिसले. काळेपांढरे, पण सरळ. टोपी, चष्मा, टेबलावरचा तांब्या. मग रंगाचे थर चढवले आणि चेहरा निळा पडला, शाळेच्या नाटकातल्या कृष्णासारखा. पाठीमागच्या भिंतीवर तिरंगा होता. त्याचा वरचा पट्टा आभाळी निळा, मधला पांढरा, खालचा हिरवा आणि मधले चक्र तपकिरी-तांबडे. मी म्हटले, हिरवा बरोबर आणि केशरी चूक, असे कसे? त्याने समजावले ते असे. पांढऱ्यात यू आणि व्ही दोन्ही शून्य, तेव्हा अदलाबदल झाली तरी फरक पडत नाही. ध्वजाच्या हिरव्यात दोन्ही जवळजवळ सारखेच उणे, म्हणून तोही तसाच राहतो. केशरीत व्ही अधिक आणि यू उणा. ते उलटले की निळा. चक्राच्या निळ्याचे नेमके याउलट. म्हणजे पेटीने व्ही आधी ठेवला होता आणि आपण यू आधी धरला. मांडणी वायव्ही१२ ची. त्याने दस्तऐवजातले शेजारचे पान काढले, दोन आकडे बदलले आणि केशरी पट्टा केशरी झाला. ध्वजाचे रंग आपल्याला बाहेरून ठाऊक होते म्हणून खात्री पटली. नुसत्या भिंतीवरून ती कधीच पटली नसती.

अकराही फायली आता आजच्या चालू पद्धतीत उतरवल्या आहेत. मूळच्याही जपून ठेवल्या असून डिस्कच्या डबीत मी मराठीत एक चिठ्ठी टाकली आहे: रुंदी ७२०, ओळ ७६८ ची, उंची ५७६, आधी उजेड, मग व्ही, मग यू, सेकंदाला २५ चित्रे. त्याच शाळेतल्या नववीच्या मुलांनी पडद्यावरच्या बोटामागोमाग पेन्सिल फिरवून आजोबांचा रस्ता कागदावर काढून घेतला. त्यात नदी दोनदा ओलांडावी लागते आणि शिपायाची जागा दुसऱ्या उताराच्या अलीकडे आहे.